निजलेलं बाळ उठवा

बाळ जन्मून काही तास झालेत. गुटगुटीत आहे, गाढ झोपलंय. खोली माणसांनी भरलीय, सासरची मोठी माणसं कौतुकाने बघतायत, एकमेकांना 'हळू बोला' म्हणतायत. अशा वेळी पुढे होऊन, त्या बाळाचं दुपटं सोडून, तळवे चोळून त्याला उठवायची हिंमत तुमच्यात आहे का?

आमच्या घरात ती वेळेवर झाली नाही, म्हणून हे लिहितेय.

मी लेख लिहिते, मोर्चांना जाते. प्रश्नाने सुरुवात करायची सवय मला बाबांनी लावली. ते चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये कामाला होते आणि तिथल्या कामगारांची पत्रकं तेच लिहायचे. जेवणं झाली की आमच्या घरात जमिनीवर पत्रकांचे गठ्ठे सुटायचे आणि मी नि ताई घड्या घालायला बसायचो. ताईच्या घड्या कडेला कड जुळलेल्या असायच्या. माझ्या तिरक्या, कारण मी घालता घालता वाचत बसायचे. बाबा सांगायचे, "पहिल्या ओळीत वाचणाऱ्याला धर, शेवटच्या ओळीत त्याला काम दे, आणि मधे खोटं बोलू नको." ताई यातलं काहीच ऐकायची नाही. "जगाला ओरडून काय सांगायचं ते तुम्ही दोघं सांगा," ती म्हणायची, "मला फक्त माझं घर नीट हवंय."

तिला तसं घर मिळालं, घाटकोपरला. चांगली माणसं. लग्नाच्या बैठकीत तिच्या होणाऱ्या सासूबाईंनी पोहे खाता खाता विचारलं होतं, "तुमच्याकडे शुगर वगैरे आहे का कुणाला?" आई पटकन म्हणाली, "छे, छे, काही नाही." बाबा मान खाली घालून चहा ढवळत राहिले. त्या चहात साखर नव्हती. त्यांना मधुमेह होऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मधे खोटं बोलू नको म्हणणारा माझा बाप त्या दिवशी चमचा फिरवत गप्प बसला, आणि त्यानंतर आमच्या घरात त्या विषयाला कुलूप लागलं. बाबा गेल्यावरही ते उघडलं नाही.

ताईला सहाव्या महिन्यात साखर निघाली. गरोदरपणात होते ती. डॉक्टर म्हणाल्या, बऱ्याच जणींना होते, खाणं सांभाळा, चाला. नंतर तेवढ्याने भागेना, म्हणून इन्शुलिन सुरू झालं. आई आजाराला घाबरली नाही, घाटकोपरला घाबरली.

"त्यांना कळता कामा नये," ती म्हणाली. "म्हणतील, विचारलं होतं तेव्हा तोंडावर खोटं बोलले."

"बोललोच होतो ना," मी म्हटलं.

"तू गप्प बस. तुझं काय जातंय? नांदायचं तिला आहे."

भावजींना ताईने सांगितलं होतं. तेही म्हणाले, "आईला नको सांगूस यार, उगाच टेन्शन घेईल." असं सगळ्यांचं एकमत झालं. माझं मत कोणी विचारलं नाही, मी ते दिलं तरीही.

डोहाळजेवण घाटकोपरलाच झालं. हिरवी साडी, हिरवा चुडा, फुलांचे दागिने. दोन झाकलेल्या वाट्या पुढे आल्या, ताईने एक उघडली, आत बर्फी. "मुलगी! मुलगी!" बायकांनी टाळ्या वाजवल्या. मग ओटी भरणाऱ्या पाचही जणींनी तिला एकेक गोड घास भरवला. नाही कसं म्हणणार? कारण विचारलं असतं. ताई हसत हसत पाचही घास गिळत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. मग "जरा वॉशरूम" म्हणून उठली. मी तिची पर्स घेऊन मागे. आत तिने साडी सैल करून पोटाला सुई लावली.

बाहेरून नणंदेने दार वाजवलं. "वहिनी, फोटो राहिलेत!"

"आले गं!" ताई ओरडली, आणि मला दबक्या आवाजात म्हणाली, "हसवू नकोस, सुई वाकडी जाईल."

मी हसत नव्हते. "ताई, सांगून टाक. ही काय पद्धत झाली? मोरीत लपून औषध घ्यायचं?"

"हे तू तुझ्या लेखात लिही. माझ्या घरात नको. शपथ घे, कुणाला बोलणार नाहीस."

"कुणाची शपथ?"

"बाबांची."

मी घेतली.

बाळंतपण बोरिवलीला, माहेरी. तारखेच्या आधी बाळांच्या डॉक्टरांनी आम्हाला बोलावून घेतलं. तरुण बाई, घाईत नसलेली. म्हणाल्या, "पोटात असताना आईच्या रक्तातली जास्तीची साखर बाळाकडे जाते. ती जिरवायला बाळाचं शरीर जास्त इन्शुलिन बनवायला लागतं. नाळ कापली की साखर यायची थांबते, पण इन्शुलिन लगेच कमी होत नाही. म्हणून पहिल्या काही तासांत बाळाची साखर घसरू शकते. फार घसरली आणि तशीच राहिली तर मेंदूला धोका."

"मग काय करायचं?" ताईचा आवाज बारीक झाला होता.

"साधं आहे. पहिल्या तासाभरात बाळाला उघड्या छातीवर घ्यायचं आणि पाजायचं. छातीची ऊब लागते त्याला, थंडी वाजली तर साखर आणखी लवकर संपते. पुढे दर दोन-तीन तासांनी पाजायचं. झोपलं असेल तर उठवून. टाचेतून थेंबभर रक्त घेऊन आम्ही साखर बघत राहू. बहुतेक बाळांचं एवढ्यावर भागतं. आणि एक लक्षात ठेवा, साखर कमी झालेलं बाळ रडेलच असं नाही. उलट ते झोपाळू होतं. लोकांना वाटतं, किती शहाणं बाळ!"

आईने विचारलं, "हे सगळं पाहुण्यांसमोर करावं लागेल?"

"पहिल्या दिवशी पाहुणे कशाला हवेत?"

आईने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "तुमचं लग्न झालंय ना, डॉक्टर?"

ताईसुद्धा हसली. तो आमचा त्या आठवड्यातला शेवटचा विनोद. निघताना आई सिस्टरांना बाजूला घेऊन म्हणाली, "सासरच्यांसमोर तेवढं साखरेचं नाव काढू नका हं." सिस्टरांनी ताईकडे पाहिलं. ताईने मान हलवली. पेशंटच नको म्हणतेय, तर त्या तरी काय बोलणार?

सकाळी सिझेरियन झालं. मुलगी. मोठी, भरल्या गालांची. पहिला तास सगळं सांगितल्यासारखं झालं. ताईच्या छातीवर ठेवलं, ती प्यायली, टाचेतून रक्त घेतलं, आकडा चांगला आला. मग ताईला वरच्या खोलीत आणलं, आणि दुपारी घाटकोपर आलं.

सासूबाई, नणंद, एक मावशी, मावशीच्या दोन सुना. सासूबाई मालवणकडच्या, खूश झाल्या की मालवणीतच बोलतात. "बघ गो, गाल बघ! लक्ष्मी इली माझी!" माणसं वाढली तशी खोलीत उकडायला लागलं, कुणीतरी एसी वाढवला. पायाची बोटं आजोबांवर गेलीत का ते बघायला दुपटं सोडलं. मुलगी या हातातून त्या हातात गेली आणि झोपून राहिली.

पाजायची वेळ टळली होती. मला माहीत होतं, ताईला माहीत होतं, आईला माहीत होतं.

सिस्टर ट्रे घेऊन आल्या. "बाळाचं ब्लड घ्यायचंय."

"सकाळी घेतलास ना?" सासूबाई म्हणाल्या. "परत कित्याक? झोपलला आसा चेडू, तेका कित्याक टोचतंस?"

"रूटीन असतं, आजी."

"ह्यांचं सगळं रूटीनच असतं," मावशी म्हणाल्या. "रूटीन लावायचं आणि बिल फुगवायचं."

सिस्टरांनी ताईकडे पाहिलं. ताईने आईकडे. आई थर्मासचं झाकण फिरवत म्हणाली, "थोड्या वेळाने या ना, सिस्टर."

"पाजलं का पण?"

"उठली की पाजते," ताई म्हणाली.

तेवढ्यात खालून त्यांना हाक आली, कुणा बाईला लेबर रूममध्ये न्यायचं होतं. "आलेच मी," म्हणत त्या गेल्या.

मी ताईच्या कानाशी वाकले. "उठव तिला."

"थांब ना. जातील आता."

ती माणसं जायला आलीच नव्हती मुळी. नणंदेने पर्समधून मधाची बाटली काढली, बोटातली सोन्याची अंगठी काढली. आत्याचा मान. मी मधे हात घातला. "मध नको. डॉक्टर नाही म्हणाल्यात."

"एवढंसं चाटवायचं गं. आणि ऑर्डर कुणाला सोडतेस? तुझ्या मोर्चात नाही आलोय आम्ही."

सगळे हसले. सकाळपासून तिथेच असलेल्या भावजींनी तिच्या हातातून बाटली काढून घेतली. "मध वर्षभर नाही म्हणजे नाही. तू बारशाला चेन घाल तिला, स्वस्तात सुटू नकोस."

पुन्हा हशा. नणंद बाळाला घेऊन खिडकीपाशी गेली. आणि म्हणाली, "अय्या, हिचे हात बघा! आत्तापासून लेझीम खेळते आमची ठमी!"

मी पाहिलं. दोन्ही मुठी थरथरत होत्या. बारीक, सारखी थरथर. चेहरा मात्र झोपेतला, ओठ सैल. मी जाऊन तिच्या मुठीवर हात ठेवला. हात गार. थरथर माझ्या तळव्याखालीही चालूच राहिली.

मावशी म्हणत होत्या, "किती शहाणं बाळ! हूं की चूं नाही."

डॉक्टरांनी सांगितलेला तोच शब्द. मी ताईकडे पाहिलं. तिला माझ्या तोंडावरूनच कळलं मी काय करणार ते. तिने डोळ्यांनी 'नको' म्हटलं. खरंच म्हटलं, मी तेव्हा ते वाचलं, आणि तरीही बोलले.

"ताईला साखर आहे. सहाव्या महिन्यापासून. इन्शुलिन घेत होती. म्हणून बाळाची साखर खाली जाते. हिला शहाणी म्हणू नका, हिला उठवा."

आईच्या हातातलं थर्मासचं झाकण खाली पडलं, घरंगळत पलंगाखाली गेलं. कुणी वाकलं नाही. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. मला वाटलं, आता फुटणार. त्या लेकीकडे वळल्या. "पोरीक तिच्या आईकडे दी. तो एसी बंद कर. आणि तू," हे मला, "सिस्टरक हाक मार. धाव."

मी धावले.

टाच टोचली, थेंब पट्टीवर गेला, मशीनने आकडा दाखवला. सिस्टरांनी आम्हाला तो सांगितला नाही. फोन उचलला आणि म्हणाल्या, "डॉक्टर, वर या, लगेच." मग ताईचा गाऊन सोडून मुलीला छातीशी दिलं. सासूबाई वाकून तळवे चोळायला लागल्या. "ऊठ गो बाय, ऊठ." तोंड उघडत होतं, पण ओढत नव्हतं. दोनदा जीभ हलली आणि पुन्हा सैल.

डॉक्टर जिना चढून आल्या. आकडा पाहिला, मूठ हातात धरून पाहिली. "हात कधीपासून थरथरतायत? शेवटचं कधी पाजलं?" त्यांनी मुलीला उचललं. "आता तोंडाने देऊन वाट बघता येणार नाही. खाली घेऊन जातेय, सलाईनमधून साखर लावते." आणि मुलगी गेली. ताईचा गाऊन तसाच उघडा. तिचे हात अजून बाळ धरल्यासारखे वाकलेले होते.

मावशी आणि सुना हळूच निघून गेल्या. भावजी आणि नणंद खाली, बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या काचेबाहेर. खोलीत आम्ही चौघी.

पहिली ताई बोलली, माझ्याशी. "शपथ घेतली होतीस."

"तिचे हात बघितलेस ना?"

"मला म्हणायचंस, 'ताई, हिचे हात बघ.' मी बोलले असते."

"बोलली असतीस?"

तिने भिंतीकडे तोंड केलं, टाके ओढले गेले तशी कण्हली. ती बोलली असती की नाही, हे मला आजही माहीत नाही. तिलाही नसावं.

मग सासूबाई आईला म्हणाल्या, "माका सांगूक काय झाला होता तुमका?"

आई रडायला लागली. "बैठकीत तुम्ही विचारलंत... आम्ही नाही म्हटलं... ह्यांनाही होती..."

"आमच्याकडे तेंका आसा ना साखर!" 'तेंका' म्हणजे ताईच्या सासऱ्यांना. "दोनी बाजूक असली तर पोरांक जपूक होया, म्हणान इचारलंय. मी काय लग्न मोडूक बसलंय?"

तो प्रश्न नकार द्यायला होता असं आम्ही इतकी वर्षं धरून चाललो होतो. त्यांनी तो काळजीने विचारला होता, आणि आम्ही तो आरोप समजून परतवला. सासऱ्यांना साखर आहे हे भावजींनीही कधी सांगितलं नव्हतं. म्हणजे लपवालपवी दोन्ही घरांत मुरलेली. एका माणसाने चहाच्या टेबलावर 'हो, मला आहे' म्हटलं असतं, तर दुसरंही बोललं असतं.

सिस्टर परत आल्या, हातात उकळलेली स्टीलची वाटी. "ताई, रडू नका आत्ता. दूध काढायचंय, हाताने. थेंब थेंब आलं तरी चालेल, खाली तिला त्याची गरज आहे." सासूबाईंनी पिशवीतून चांदीचं बोंडलं काढलं, गावाहून आणलेलं, बाळाला दूध पाजायचं, निमुळत्या तोंडाचं. सिस्टर म्हणाल्या, "नको आजी, याचं तोंड आतून साफ होत नाही." कुठल्याही दुसऱ्या दिवशी यावरून वाद झाला असता. त्यांनी मुकाट्याने ते रुमालात गुंडाळून ठेवलं आणि वाटी धरली.

सिस्टर दाबायचं कसं ते दाखवत होत्या. बराच वेळ काही नाही. मग पिवळा, घट्ट एक थेंब. मग आणखी एक. ताई दात आवळून दाबत होती, सासूबाई वाटी कलती धरून थेंबाखाली सरकवत होत्या, आई पाठीमागून उशी धरून उभी. वाटीचा तळ जेमतेम ओला झाला तशा सासूबाई उठल्या, वाटीवर तळवा झाकला आणि जिना उतरायला लागल्या. गुडघ्यांचा त्रास आहे त्यांना. मी म्हटलं, "काकी, द्या, मी नेते."

"तू हिच्याकडे थांब," त्या म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत त्या किती वेळा उतरल्या नि चढल्या. दर वेळी वर आल्या की ताई फक्त बघायची, आणि त्या आकडा वर गेला की नाही ते सांगायच्या. पहिल्यांदा त्यांनी नकारार्थी मान हलवली. दुसऱ्यांदा म्हणाल्या, "थोडी वर." त्यानंतर एकदा साखर पुन्हा खाली गेली, तेव्हा त्या वर आल्याच नाहीत, काचेपाशीच उभ्या राहिल्या, आणि ताईने मला पहिल्यांदा हाक मारली. "जा ना गं, बघून ये." मी गेले. सलाईन वाढवलं होतं. मुठी उघड्या, शांत. थरथर थांबली होती. डॉक्टर म्हणाल्या, "अजून काही सांगत नाही. पण ती आता पितेय वाटी-चमच्यातून." मी ते वर येऊन सांगितलं. ताईने डोळे मिटले.

सलाईन हळूहळू उतरवत नेलं, आणि तिसऱ्या दिवशी मुलगी वर आली, ओरडत. तिचं ते रडणं ऐकून आम्ही सगळे वेड्यासारखे हसत होतो. डॉक्टरांनी पुढच्या तपासण्या सांगितल्या, काळजीचं काही दिसत नाही म्हणाल्या. आणि एवढंच: "ठरल्याप्रमाणे पाजलं असतं आणि बघत राहिलो असतो, तर बहुधा खाली न्यावंच लागलं नसतं."

ताई माझ्याशी बरेच दिवस जेवढ्यास तेवढं बोलायची. तिचं म्हणणं मला आता पूर्ण चुकीचं वाटत नाही. शरीर तिचं, आजार तिचा, सांगायचा हक्क तिचा. मी तो पत्रकासारखा भर खोलीत वाटला. त्या क्षणी दुसरा रस्ता मला दिसला नाही, आणि आजही तसेच हात थरथरताना दिसले तर मी तेच करीन. पण तो क्षण येईपर्यंत वाट बघणं, ही चूक आमच्या सगळ्यांची. सांगायला आमच्याकडे तीन महिने होते.

बारशाच्या दिवशी घाटकोपरच्या घरात घुगऱ्या वाटत होते. शेजारच्या एक बाई लाडू घेऊन ताईच्या तोंडाशी आल्या. ताई काही म्हणायच्या आत सासूबाई पाळण्यापासून ओरडल्या, "तिका नको लाडू! गरोदरपणात साखर झालेली तिका, पुढच्या महिन्यात परत टेस्ट आसा." साऱ्या बायका ऐकत होत्या. दोघी-तिघींनी तिथल्या तिथे आपापल्या साखरेच्या गोष्टी काढल्या, जणू वाटच बघत होत्या. ताईने माझ्याकडे पाहिलं, आणि लाडू उचलून माझ्या तोंडात कोंबला. "तू खा. म्हणजे थोडा वेळ गप्प बसशील."

आता शेवटच्या ओळींतलं काम. तुमच्या घरात, चाळीत, सोसायटीत कुणी दिवस भरत आलेली बाई आहे? तिला साखर निघालीय, किंवा बाळ फार मोठं वा फार लहान आहे, किंवा वेळेआधी होईल असं डॉक्टरांनी सांगितलंय? आज तिच्याकडे जा. आधी तिची परवानगी घ्या, मग पहिल्या दिवशी त्या खोलीत जे जे असणार त्या सगळ्यांना आत्ताच सांगून ठेवा, की या बाळाला छातीशी उबेत ठेवायचंय, वेळेवर पाजायचंय, सिस्टर टाच टोचायला आल्या तर अडवायचं नाहीये. आणि झोपलेल्या बाळाला उठवायचं काम एका माणसाच्या नावावर लावून द्या. कुणी पुढे येत नसेल, तर ते तुम्ही घ्या.